कामात मन लागत नसेल तर आधी बांगड्या उतरवा

"मन लागत नाही" ही तक्रार पुण्यात कुठेही ऐका, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली एमपीएससीची पोरं तेच म्हणतात, हिंजवडीला जाणारे आयटीवाले तेच म्हणतात, आणि घरी मुलाचा अभ्यास घेणारी आईसुद्धा तेच सांगते की पुस्तक समोर उघडं असतं पण डोकं भलतीकडेच. मग लोक काय करतात, तर दात-ओठ खाऊन ठरवतात, उद्यापासून पहाटे पाचला उठणार, तासभर ध्यान, इन्स्टा डिलीट, मोबाईल कपाटात... आणि आठवड्याभरात सगळं होतं तिथेच परत. मला मनापासून वाटतं की यात माणसाचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. गीता, योगसूत्रं, भागवत, ज्ञानेश्वरी, दासबोध या सगळ्यांत लक्ष कसं लावायचं हे इतकं बारकाईने आणि प्रॅक्टिकल सांगितलंय ना, पण आपण ते सप्ताहात ऐकतो, पोथीला नमस्कार करतो आणि घरी येतो. ते ऑफिसात, स्वयंपाकघरात, अभ्यासाला बसताना वापरायचं कसं, तेवढंच इथे लिहिते. संसार सोडायची, भगवे घालायची काही गरज नाही.

सुरुवात दत्तगुरूंच्या गोष्टीपासून करू. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत (परंपरेने हेच दत्तगुरू मानतात) यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, एकनाथ महाराजांचं एकनाथी भागवत याच स्कंधावर आहे, १५७३ साली काशीत पूर्ण झालं. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी हे गुरू बहुतेकांना माहीत असतात, पण नवव्या अध्यायात पाठोपाठ दोन गुरू येतात त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. एक लग्नाच्या वयाची मुलगी आणि दुसरा बाण करणारा कारागीर. लक्ष लावायचं सगळं शिक्षण या दोघांत आहे असं माझं मत आहे, आणि क्रम पण तोच, आधी मुलगी, मग कारागीर.

मुलीची गोष्ट अशी. घरची मंडळी बाहेर गेलेली आणि नेमकी तिला बघायला पाहुणे आले. तिनेच स्वागत केलं, आणि त्यांच्या जेवणासाठी आत जाऊन साळी कांडायला बसली. कांडताना हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. आवाज बाहेर गेला तर पाहुण्यांना कळणार की या घरात भात कांडायलाही दुसरं कोणी नाही, म्हणून तिला संकोच वाटला. तिने एकेक बांगडी काढली, दोन-दोन ठेवल्या, तरी वाजतायतच, मग दोन्ही हातांत एकेकच ठेवली तेव्हा कुठे आवाज थांबला. अवधूत यातून एकांताबद्दल सांगतो, फार जण एकत्र आले की भांडण आणि दोघं असले तरी गप्पा. पण बघा, तिने कांडणं थांबवलं नाही. सगळ्या बांगड्याही काढल्या नाहीत. आणि काढल्या त्या एकेक करून काढल्या.

हे तसंच्या तसं करायचं. कामाला बसायच्या आधी एका कागदावर लिहा की आपल्याकडे काय काय वाजतं. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, नातेवाईकांचे दोन-तीन ग्रुप, ऑफिसचं चॅट, शेअर मार्केटचं ॲप, जेवणाच्या ऑफर, क्रिकेटचा स्कोअर. सगळं एकदम बंद करायला जाऊ नका कारण मग काहीतरी राहून जाईल ही धाकधूक सुरू होते आणि तीच सगळ्यात मोठ्याने वाजते. आज एक म्यूट करा, दोन दिवस बघा काही बिघडतं का, मग पुढचं. आणि एक बांगडी राहू द्या. घरच्यांचा फोन आला तर वाजेल एवढी सोय ठेवा, मुलाच्या शाळेचा नंबर, आई-बाबांचा नंबर, बस. घरच्यांना सांगून ठेवा की अर्जंट असेल तर मेसेज करू नका, सरळ फोन करा. एवढं केलं की मन निम्मं निवांत होतं कारण त्याला पहारा द्यावा लागत नाही.

आतूनही वाजतंच म्हणा. अभ्यासाला बसलं की नेमकं आठवतं गॅस बुक करायचाय, विजेचं बिल भरायचंय, मावशीला फोन करायचा राहिलाय. यासाठी शेजारी एक कोरा कागद ठेवा, आठवलं की दोन शब्दांत लिहा आणि पुढे चला, उठू नका. लिहिलेलं मन पुन्हा पुन्हा आठवण करून देत नाही.

आता दुसरा गुरू, बाण करणारा. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही, कारण त्याचं सगळं चित्त बाणात. अशी माणसं आज कुठे बघायला मिळतात असं विचाराल तर कसबा पेठेत तांबट आळीत जा. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चाललेलं असतं ते पाच मिनिटं उभं राहून नुसतं बघा. एका हाताने भांडं किंचित फिरतं, दुसऱ्या हातातला हातोडा पडतो, पुन्हा किंचित फिरतं, पुन्हा पडतो, आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून पण त्याच्यावर न चढता, अशी ओळीने सबंध भांडंभर खूण उमटत जाते. बाहेर रिक्षा हॉर्न देतीये, शेजारच्या दुकानातूनही ठोक्यांचा आवाज येतोय. त्या माणसाची नजर जिथे पुढचा ठोका पडायचाय तिथेच.

त्याच्याकडून घ्यायचं ते हे की नजरेला ठरलेली, छोटी जागा हवी. पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात पहिल्याच सूत्रात तेच सांगितलंय, "देशबन्धश्चित्तस्य धारणा", चित्ताला एका जागी बांधणं. आपण काय करतो, "आज अभ्यास करायचा" असं ठरवून बसतो. मनाला हे पकडताच येत नाही, धरायचं कुठे? त्यापेक्षा "मूलभूत हक्कांची कलमं, १२ ते ३५, वाचायची, पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं" असं ठरवा. "प्रेझेंटेशन करायचं" असं नको, "तिसऱ्या स्लाईडवरचा तक्ता पूर्ण करायचा" असं. घरातसुद्धा "आवराआवर" म्हटलं की माणूस चार खोल्यांत फिरतो आणि काहीच होत नाही, एक कप्पा म्हटलं की होतं.

रोज थोडा वेळ नुसतं बसायचं असेल तर कशावर लक्ष ठेवायचं याबद्दल फार डोकेफोड नको. पतंजलींनी श्वास वगैरे बरेच पर्याय देऊन झाल्यावर शेवटी "यथाभिमतध्यानाद्वा" म्हणून मोकळं सोडलंय, तुम्हाला जे आवडतं त्यावर. गणपतीची मूर्ती, निरांजनाची ज्योत, एखादं नाम, काहीही. पण जे घ्याल ते रोज बदलू नका. आज हे ॲप, उद्या तो यूट्यूबवाला, परवा अजून तिसरं, असं करणाऱ्यांचं बसणं कधी पक्कं होत नाही.

मन पळालं की काय करायचं

पळणारच. अर्जुनासारख्या माणसाने गीतेच्या सहाव्या अध्यायात सरळ सांगून टाकलं की मन आवरणं म्हणजे वारा आवरण्याइतकं अवघड आहे, आणि भगवंतांनी त्याला खोटं पाडलं नाही, "असंशयं महाबाहो", बरोबर आहे तुझं, अवघडच आहे, पण अभ्यासाने, म्हणजे सरावाने, आणि वैराग्याने हातात येतं. त्याच्या थोडं आधी, २६ व्या श्लोकात, पद्धतही सांगितलीये. "यतो यतो निश्चरति", जिथे जिथे निसटेल तिथून तिथून परत आणायचं. त्यात रागवायचं असं कुठेही नाही. माझ्या मते लोक इथेच सगळ्यात जास्त शक्ती घालवतात, मन गेलं म्हणून स्वतःला बोल लावत बसतात, मग "माझ्याच्याने होणारच नाही" हा विचार, मग त्या विचाराचा विचार, आणि मूळ काम राहिलं बाजूला. परत आणलं की झालं. पंधरा मिनिटांत वीस वेळा आणावं लागलं तर वीस वेळा आणलं, तोच तर अभ्यास आहे.

पण नुसतं ओढून आणून मन टिकत नाही, आणि इथे ज्ञानेश्वर माऊली जे सांगतात ते मला सगळ्यांत जास्त पटतं. त्याच सहाव्या अध्यायात ओवी आहे,

कां जें यया मनाचें एक निकें । जें देखिले गोडीचिया ठाया सोके ।
म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें । दावीत जाइजे ॥

या मनाचं एक बरं आहे, गोडी लागली की त्या जागी ते आपणहून जायला सोकावतं, म्हणून त्याला कौतुकाने अनुभवाचं सुख दाखवत जावं. केवढी माया आहे या बोलण्यात! आपण मनाला ज्या मोबाईलपासून तोडायला बघतो तिथे ते गोडीनेच गेलेलं असतं, मग इकडेही गोडी लागल्याशिवाय कसं येईल? म्हणून सुरुवात छोटी ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. आणि कंटाळा यायच्या आत उठा. अजून थोडं बसावंसं वाटत असताना उठलेला माणूस उद्या परत बसतो, जीव मेटाकुटीला येईपर्यंत बसलेला बसत नाही. दिवसातलं सगळ्यात आवडतं काम असेल ना, चित्र, पेटी, बागकाम, एखादं किचकट गणित, तिथूनच एकाग्रतेचा सराव चालू करा, नावडत्या कामापासून करू नका. एकदा मनाला ती चव कळली की पुढे नावडत्या कामातही ते थोडं थोडं थांबायला लागतं.

सरावाबद्दल पतंजलींच्या अटी तीन, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने. पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरी राहते. ज्या टेबलावर बसायचं ते आधी फडक्याने पुसा, चहाचा रिकामा कप उचला, पाणी भरून ठेवा, हात-तोंड धुऊन बसा. पूजेला बसताना आपण हे सगळं न सांगता करतो, कामाला बसताना का नाही करत?

हाताने लिहा

हा उपाय फार कमी लोक करतात आणि तो फार चांगला आहे. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क अक्षर कसं काढावं यावर लिहिलाय. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं, ओळी सारख्या, काना-मात्रा व्यवस्थित, आणि पहिलं जे अक्षर काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत राहिलं पाहिजे, एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे. ही शेवटची अट म्हणजे लक्षाची खरी परीक्षा आहे. करून बघा, एकेरी वही घ्या, रोज फक्त एक ओवी किंवा मनाच्या श्लोकांतला एक श्लोक लिहा, घाई न करता. मग पहिली ओळ आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. जिथे मन सटकलं तिथे अक्षर तिरकं झालेलं दिसतंच, वेलांटी अर्धी राहिलेली असते, रफार दुसऱ्याच अक्षरावर गेलेला असतो. दुसऱ्या कोणी सांगायची गरजच नाही. मनाचे श्लोक २०५ आहेत, म्हणजे रोज एक घेतला तर जवळपास सात महिने पुरतील. लहान मुलांकडून करून घ्यायचं तर शिक्षा म्हणून नको, आपण शेजारी बसून आपलं लिहायचं.

घरात सगळे असताना

आता खरा प्रश्न. ज्यांना एकांत मिळतच नाही त्यांनी काय करायचं? दोन खोल्यांचं घर, सासूबाईंची औषधं, मुलाचा डबा, कुकरची शिट्टी, दारावर कुरिअर, यात बाण करणाऱ्यासारखं बसणार कुठे. यांच्यासाठी नामदेव महाराज आहेत. त्यांची जी पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत त्यात रामकली रागातलं एक पद आहे. पतंग उडवणारा पाच जणांशी गप्पा मारतो पण चित्त दोरीवर. पाणी भरून येणाऱ्या मुली हसतात, खिदळतात, पण चित्त डोक्यावरच्या घागरीत. गाय पाच कोसांवर चरते पण चित्त वासरात. आणि शेवटी आई, बाळ पाळण्यात निजलंय, ती आत-बाहेर कामात गुंतलीये, चित्त मात्र बाळापाशी.

म्हणजे लक्ष लावायचे प्रकार दोन झाले. एकात सगळं बंद करून एकाच गोष्टीत जायचं, दुसऱ्यात सगळं चालू ठेवून आत एक दोरी धरायची. अभ्यास, कोडिंग, हिशेब, लिखाण याला पहिला लागतो आणि तिथे दुसरा चालत नाही. घरकामाला, दुकानावर बसणाऱ्याला, रिसेप्शनवर काम करणाऱ्याला दुसरा. ही दोरी म्हणजे एखादं नाम घ्या किंवा नुसता श्वास, आणि एका ठरलेल्या कामाला ते बांधून टाका. पोळ्या लाटताना म्हणा, पोळी फिरते तसं नाम. मधे कोणी बोललं तर बोला, तोडून टाकू नका, बोलणं संपलं की परत दोरी हातात. पोळ्या झाल्या की कळेल, नेहमीइतकंच काम झालं पण चिडचिड तेवढी झाली नाही.

गाडी चालवताना मात्र हे नको हां. कर्वे रोडला संध्याकाळी टू-व्हीलरवर असताना रस्ता हीच दोरी, आरसे, खड्डे, पुढच्याचा इंडिकेटर, मधेच धावत सुटणारा माणूस. इअरफोनमध्ये प्रवचन लावून गाडी चालवणारे दिसतात, ते कितीही चांगलं प्रवचन असलं तरी घरी जाऊन ऐका.

लोकांपायी जे लक्ष जातं ते

मोबाईलला आपण उगाच सगळा दोष देतो. नीट बघितलं तर दिवसभरात मन सगळ्यात जास्त वेळ कुठे असतं, तर दुसऱ्या माणसांमध्ये. कोण काय बोललं, कोणाला काय मिळालं, कोणी आपल्याला काय केलं. पतंजलींना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून चित्त प्रसन्न ठेवायचे उपाय सांगताना आसन-श्वासाच्याही आधी त्यांनी माणसांचं सांगितलंय. जो सुखी आहे त्याच्याशी मैत्री, जो दुःखी आहे त्याच्याबद्दल करुणा, जो चांगलं काम करतोय त्याच्याबद्दल आनंद, आणि जो वाईट वागतोय त्याच्याकडे दुर्लक्ष.

शेजारच्या डेस्कवरच्याला प्रमोशन मिळालं, तर लगेच उठून जाऊन अभिनंदन करा, मनापासून, उद्यावर टाकू नका. न सांगितलेलं अभिनंदन आत कुढत बसतं आणि दुपारभर काम होत नाही. मैत्रिणीच्या घरी आजारपण असेल तर त्याचा विचार करत बसण्यापेक्षा एक काम करा, डबा पोचवा, रिपोर्ट आणून द्या, फोन करा, आणि मग आपल्या कामाला लागा. सोसायटीतलं कोणी रोज नेमाने तळजाई टेकडीवर चालायला जातं, ओला-सुका कचरा स्वतः उभं राहून वेगळा करून घेतं, त्याला नाकं मुरडण्यापेक्षा दोन कौतुकाचे शब्द बोला, चांगल्याकडे बघायची मनाला सवय लागते. आणि राँग साईडने येऊन वर आपल्यालाच डोळे दाखवणारा? तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो आणि आपण मनातल्या मनात त्याच्याशी डेक्कनपर्यंत भांडत असतो. तिथे उपेक्षा. तक्रार करायची तर नंबर टिपा, तक्रार करा आणि संपवा. उपेक्षा म्हणजे अन्याय सहन करा असं नाही, त्या माणसाला डोक्यात भाड्याने जागा देऊ नका एवढंच.

शरीराचं थोडक्यात. गीता सांगते की जो फार खातो त्याचंही आणि जो अजिबात खात नाही त्याचंही जमत नाही, फार झोपणाऱ्याचंही नाही आणि सारखा जागणाऱ्याचंही नाही. अभ्यासिकेत रात्र रात्र जागणाऱ्या पोरांनी हे भिंतीवर लावावं इतकं महत्त्वाचं आहे, चहा-क्रीमरोलवर परीक्षा निघत नाही. मन विखुरलं की काय होतं याची लक्षणंही पतंजलींनी दिलीयेत, दुःख, उदासी, अंग थरथरणं, श्वास वेडावाकडा होणं. टेबलाखाली पाय सारखा हलायला लागला की समजा मन गेलं. तेव्हा वाचन रेटू नका. पुस्तक ठेवा, श्वास नेहमीपेक्षा सावकाश बाहेर सोडा, असं आठ-दहा वेळा, मग परत सुरू करा. हाही त्यांच्याच यादीतला उपाय आहे.

आणि ऐकताना. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला माऊली श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात, तेवढं द्या म्हणजे सर्व सुखाला पात्र व्हाल. घरी कोणी बोलायला आलं तर फोन पालथा घालू नका, दुसऱ्या खोलीत ठेवून या. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या, उत्तर मनात जुळवत बसू नका. मुलं शाळेतून आल्यावर पहिली पाच मिनिटं एवढं केलं तरी ती पुढे कितीतरी सांगायला लागतात.

दोन गोष्टी जपून. ज्योतीकडे टक लावून त्राटक करायचं असेल तर हठयोगातला तो प्रकार जाणकारासमोर शिका, डोळ्यांचा काही त्रास असेल तर करूच नका. आणि आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, झोप उडालीये, जगणंच नकोसं वाटतंय असं असेल तर पोथीबरोबर डॉक्टरही हवा, लगेच दाखवा, त्यात कमीपणा काही नाही.

मूळ वाचायचं असेल तर अप्पा बळवंत चौकात ज्ञानेश्वरी, दासबोध, एकनाथी भागवत सगळं मिळतं. सार्थ प्रत मागा, म्हणजे ओवीखाली अर्थ असतो, आणि मोठ्या टायपातली घ्या.